काकडी मऊ का होत नव्हती?

"काही नाही, केतू. जरा अडकलोय, एवढंच," स्पीकरमधून आजोबांचा आवाज आला.

'काही नाही' या दोन शब्दांवर केतकीचा विश्वास नव्हता. गेल्या वर्षी आजी दवाखान्यात होती, तेव्हा घरातलं प्रत्येक मोठं माणूस हेच म्हणत होतं. बाबा म्हणाले, काही नाही. आत्या म्हणाली, काही नाही गं, येईल घरी. आजोबासुद्धा तेच म्हणाले. आणि मग एका सकाळी आजी घरी आली ती पांढऱ्या चादरीत. तेव्हापासून कुणी 'काही नाही' म्हटलं, की केतकीच्या हातापायांना घाम फुटायचा.

आत्ताही तिचे तळवे ओले झाले होते. तिने ते फ्रॉकला पुसले आणि कठड्यावरून खाली पाहिलं. निळं-काळं पाणी. तळ दिसत नव्हता. त्या पाण्याखाली, सात मजली इमारत बुडेल एवढ्या खोलवर, आजोबा एका खडकाच्या भेगेत आडवे पडले होते.

'शिंपली' ही संशोधन नौका आंग्रिया बँकेवर उभी होती. आंग्रिया बँक म्हणजे कोकण किनाऱ्यापासून खूप दूर, समुद्रात बुडालेलं एक पठार. त्यावर प्रवाळांची (लहान लहान जिवांनी बांधलेल्या चुनखडीच्या वसाहतींची) बागच आहे. इथून किनारा दिसत नाही. चहूकडे नुसतं पाणी. केतकीला शाळेची सुट्टी होती, म्हणून आजोबा तिला सोबत घेऊन आले होते. बोटीवर आणखी दोघंच होती. एक बोट चालवणाऱ्या सलमा मुकादम, म्हणजे मुकादमकाकू. आजोबा समुद्रजीवांचे संशोधक, म्हणून त्या त्यांना डॉक्टर म्हणत. दुसरा रेमंड हा तरुण पाणबुड्या. तो सकाळी आजोबांबरोबर खाली गेला होता, पण त्याच्या कानाचा पडदा दुखावला आणि त्याला वर यावं लागलं. आता त्याच्या कानात कापूस होता आणि पुन्हा पाण्यात उतरायची त्याला सक्त मनाई होती.

नियमाप्रमाणे आजोबांनीही त्याच्याबरोबर वर यायला हवं होतं. "एक भेग बघतो आणि आलोच," असं म्हणून ते एकटे मागे राहिले. आणि त्याच भेगेत अडकले.

"म्हणजे काकडी मऊ होत नाहीये?" रेमंडने माईकमध्ये विचारलं.

"नाही. दगड झालाय तिचा. पण होईल. पडून राहतो जरा."

काकडी म्हणजे आजोबांनी अंगावर चढवलेला पोशाख. पोशाख कसला, जाडजूड झोपायची पिशवीच ती. रंग मातकट, आकार लांबोडा, म्हणून सगळे तिला काकडी म्हणत. सकाळी आजोबा तिच्यात शिरताना रेमंड म्हणाला होता, "बघ बाय, दुनिया काकडी खाते, आणि ही काकडी तुझ्या आजोबाला खाते." तेव्हा केतकी खूप हसली होती. आता त्या विनोदाने तिच्या अंगावर काटा आला.

ही काकडी हवी तेव्हा मऊ आणि हवी तेव्हा कडक व्हायची. मऊ झाली, की माणूस अरुंद भेगेतून अलगद सरकायचा आणि प्रवाळाचा एक कणही मोडायचा नाही. टोकदार दगड लागला, की ती कडक व्हायची आणि आतल्या माणसाला खरचटायचं नाही. प्रयोगशाळेच्या हौदात आजोबांनी ती शेकडो वेळा वापरली होती. कडक झाली, की दोन-तीन मिनिटं शांत पडायचं. आपोआप मऊ व्हायची.

आज बराच वेळ झाला होता, तरी ती मऊ होत नव्हती.

मुकादमकाकूंनी माईकवर हात ठेवला, म्हणजे त्यांचं बोलणं खाली जाऊ नये. "रेमंड, हवा किती आहे?"

"पाऊण तासाची. वर यायला वेळ लागतो, तो धरून."

"दुसरी बोट?"

"कळवलंय. यायला दीड तास तरी लागेल."

केतकीने दोन्ही आकडे ऐकले. दुसरी बोट येण्याच्या आधी हवा संपणार होती. हे कुणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग वाट कसली बघायची?" काकू म्हणाल्या. "ओढून काढू डॉक्टरांना. सुकाणू, दोर खेच."

सुकाणू हा बोटीचा संगणक होता. त्याचा आवाज नेहमी एकसारखा. "दोर खेचत आहे," तो शांतपणे म्हणाला.

बोटीच्या मागच्या बाजूला एक मोठं चाक होतं. त्यावरून एक पिवळा दोर पाण्यात उतरत होता. त्याचं दुसरं टोक काकडीच्या शेपटाकडच्या कडीला बांधलेलं होतं. त्या दोराच्या पोटातूनच टेलिफोनची तार गेली होती, म्हणून आजोबांचा आवाज वर येत होता. चाक कुरकुरलं. दोर ताणला गेला. त्याच्या पिळांतून पाणी निथळू लागलं.

"आणखी," काकू म्हणाल्या. त्या स्वतः कठड्याला पाय लावून दोराला झोंबल्या. रेमंडही धावला. काकूंचं सगळं आयुष्य रापण ओढण्यात गेलेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. जाळं जड लागलं, की एकच उपाय, आणखी जोर लावायचा. चार हात कमी पडले तर आठ लावायचे. त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

"हैसा! ओढ! हैसा!" काकू दबक्या आवाजात म्हणत होत्या.

"ताण वाढला आहे," सुकाणू म्हणाला. "हालचाल नाही."

केतकी माईकपाशी गेली. काकूंनी तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "त्यांना सांगू नकोस हां पोरी, आपण ओढतोय ते. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. हवा लवकर संपते. तू गप्पा मार त्यांच्याशी. साधं काहीतरी बोल."

साधं काय बोलायचं? केतकीच्या डोक्यात काही येईना. खालून आजोबांचा श्वास ऐकू येत होता. घर्र... घर्र... जणू कुणी दूरवर आरी चालवत होतं.

"आजोबा?"

"बोल बाळा."

"खाली काय दिसतं?"

"बॅटरीच्या उजेडात माझंच नाक दिसतं," आजोबा म्हणाले. ते हसले, पण हसणं अर्ध्यावरच थांबलं. "हात हलत नाहीत गं. काकडीच्या आत हात अंगाला चिकटलेत."

केतकीला एकदम तसंच वाटलं. आपलेही हात कुणीतरी बांधलेत. तिने ते मुद्दाम हलवून पाहिले. मग ती म्हणाली, "आजोबा, काकडी कडक कशी होते? पाणी तर तेच आहे. गोठत नाही, वाळत नाही. मग कशी होते?"

आजोबांचा आवाज थोडा स्थिर झाला. शिकवायचं म्हटलं की त्यांचा आवाज नेहमीच बदलायचा.

"खरी समुद्रकाकडी माहीत आहे ना तुला? तळाशी लोळते, वाळू गिळते, त्यातलं खायचं ते खाते आणि स्वच्छ वाळू टाकून देते. तिला हाडं नाहीत, पळता येत नाही, चावता येत नाही. मग शत्रू आला की ती काय करते? अंग लोण्यासारखं मऊ करते आणि एखाद्या भेगेत घुसते. आत गेली की कडक होते. पाचर मारल्यासारखी."

"तुमच्यासारखी."

"हो. अगदी माझ्यासारखी." श्वास. "आता सांग, तुमच्या कबड्डीच्या संघात मुली किती?"

"सात."

"सातही जणी सुट्या सुट्या उभ्या असतील, तर चढाई करणारी मधून पळून जाईल?"

"जाईल की."

"आणि सगळ्यांनी एकमेकींचे हात धरले तर?"

"साखळी होते. मग नाही जाता येत."

"मुली बदलल्या का? जाड झाल्या? दगड झाल्या?"

"नाही. नुसते हात धरले."

"शाब्बास. काकडीच्या कातडीत कोलॅजनचे धागे असतात. कोलॅजन म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन (शरीराच्या बांधणीला आणि कामांना लागणारा पदार्थ). तुझ्या-माझ्या कातडीतही ते आहे. काकडी कडक होते तेव्हा हे धागे काही कडक होत नाहीत. ते असतात तसेच राहतात. फक्त एकमेकांना धरतात. सोडलं की मऊ, धरलं की कडक."

मागे चाक पुन्हा कुरकुरलं. रेमंडच्या तोंडातून 'आई गं' असं निघालं. त्याने कान दाबून धरला होता. दोर तसूभरही वर आला नव्हता. केतकीने तिकडे पाठ केली.

"पण धाग्यांना हात कुठे असतात, आजोबा?"

"इथेच तर खरी गंमत आहे. हात नसतात. हात धरायला लावणारं दुसरं एक प्रथिन असतं. टेन्सिलिन त्याचं नाव. कातडीत ते बारीक बारीक पुड्यांमध्ये बंद असतं, आपल्या औषधाच्या पुड्या असतात तसं. पुड्या फुटल्या, की ते बाहेर पडतं, दोन धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतं आणि त्यांना जोडतं. मग कातडी कडक."

"आणि मऊ कशी होते?"

"त्यासाठी तिसरं प्रथिन आहे. ते जोड सोडवतं. आमच्या पोशाखात ते सारखं थोडं थोडं झिरपत असतं. पण काम हळू करतं. एक गाठ मारायला चुटकी पुरते, सोडवायला वेळ लागतो, तसंच."

"हे सगळं मिळवायला तुम्ही किती काकड्या मारल्या?" केतकीने विचारलं. समुद्रकाकड्या चोरून पकडणाऱ्यांबद्दल तिने शाळेत ऐकलं होतं.

"एकही नाही. त्या आधीच कमी झाल्यात. एका काकडीच्या अंगावरून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला आणि तिला पाण्यात सोडून दिलं. त्या तुकड्यातल्या पेशींमध्ये (सजीवांचं शरीर ज्या बारीक घरांनी बनतं त्यांमध्ये) जनुकं असतात. जनुक म्हणजे काय? कृती. पुरणपोळी कशी करायची हे जसं लिहून ठेवता येतं, तसं टेन्सिलिन कसं बनवायचं ते एका जनुकात लिहिलेलं असतं. आम्ही ती कृती वाचली. तिची नक्कल केली. ती नक्कल यीस्टमध्ये घातली. पाव फुगवतं ते यीस्ट. आता ते बिचारं पिंपात बसून आमच्यासाठी काकडीचं प्रथिन बनवत असतं. त्याला ठाऊकही नाही आपण काय करतोय."

केतकीला क्षणभर हसू आलं. मग आजोबांचा श्वास पुन्हा घरघरला आणि हसू पळालं.

"आजोबा, मग ते सोडवणारं प्रथिन आज काम का करत नाही?"

"तेच कळत नाहीये मला," आजोबा हळू म्हणाले. शिकवण्याचा आवाज गेला होता. "इथे हौदापेक्षा पाणी थंड आहे, त्याने असेल. किंवा या खेपेचं प्रथिन बिघडलं असेल. मी तर बोटसुद्धा हलवत नाहीये. टेन्सिलिनच्या पुड्या कधी फुटतात, तर कातडी दाबली किंवा ओढली म्हणजे. खऱ्या काकडीचंही तसंच. भेगेतल्या काकडीला माशाने ओढलं, की ती आणखी कडक होते. जितकं ओढावं तितकी कडक. म्हणून तर ती वाचते. पण मला इथे कोण ओढणार? लाटेचे हेलकावे जाणवतात मधून मधून, तेवढंच."

केतकीने मान वळवली.

पिवळा दोर तारेसारखा ताणलेला होता. काकूंच्या हातांच्या शिरा फुगल्या होत्या. बोट लाटेवर चढली, की दोर किंचाळल्यासारखा वाजायचा. म्हणजे आजोबांना जाणवत होते ते लाटेचे हेलकावे नव्हतेच.

काकूंनी सांगू नको म्हटलं होतं. आजोबांनी ऐकलं आणि ते घाबरले, तर? भराभर श्वास घेतला, तर? तिच्यामुळे हवा संपली, तर? आणि आपलं चुकतही असेल. आपण अकरा वर्षांच्या. काकू इतकी वर्षं समुद्रावर आहेत.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओठांवर बोट ठेवलं.

"आजोबा," केतकी म्हणाली. "आम्ही ओढतोय."

"काय?"

"आम्ही ओढतोय तुम्हाला. मघापासून. तुम्ही अडकलो म्हणालात ना, तेव्हापासून. सुकाणू ओढतोय, काकू ओढताहेत, रेमंडदादा ओढतोय. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही."

काकूंनी दोर सोडून कपाळावर हात मारला. "अगं, काय केलंस हे!"

केतकीने स्पीकरला कान लावला. श्वाससुद्धा ऐकू येईना.

"सलमाबाई," आजोबांचा आवाज आला. अगदी हळू. "दोर सोडा. पूर्ण ढिला सोडा."

"डॉक्टर, सोडला तर तुम्ही..."

"तुम्ही एकदा ओढलं की हजारो पुड्या फुटतात. सोडवणारं प्रथिन एक गाठ सोडवतं, तोवर तुम्ही दहा मारता. काकडी बिघडलेली नाही. ती आपलं काम चोख करतेय. तिला वाटतंय मोठा मासा आला."

रेमंडने हातातला दोर चटका बसल्यासारखा टाकला. "माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मला वाटलं, दोर तुमच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलाय."

"कातडीतल्या कडीला आहे," आजोबा म्हणाले. "सोडा आता."

"सुकाणू, खेचणं थांबव. दोर ढिला सोड," काकू ओरडल्या.

"दोर ढिला सोडता येत नाही," सुकाणू शांतपणे म्हणाला. "पंखा चालू आहे."

त्याचंही बरोबर होतं. प्रवाळ मोडू नये म्हणून इथे नांगर टाकायला बंदी होती. बोट जागेवर ठेवायची तर पंखा फिरता ठेवावा लागायचा. आणि फिरत्या पंख्याजवळ ढिला दोर सोडला, की तो पंख्यात गुंडाळला जातो. मग बोटच दोराला ओढू लागते. काकूंनीच सुकाणूला शिकवलं होतं, दोर कधी ढिला सोडायचा नाही. म्हणजे काकूंनी ओढायच्या आधीपासूनच तो ताठ दोर प्रत्येक लाटेबरोबर काकडीला हिसके देत होता.

"पंखा बंद कर!"

पंख्याची घरघर थांबली. चाक उलटं फिरू लागलं. दोर सैल पडला. पण पंखा बंद होताच प्रवाहाने बोटीला धरलं आणि ती हळूहळू बाजूला सरकू लागली. जेवढा दोर सुटायचा तेवढा पुन्हा ताणला जायचा. चाकावरचे वेढे भराभर कमी होत होते.

"संपतोय दोर," रेमंड म्हणाला.

काकूंनी एक क्षण डोळे मिटले. मग त्यांनी कोपऱ्यातला लाल बोया उचलला. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा फुगीर डबा. जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून कोळी तो दोराला बांधतात. "याला बांधून दोर बोटीवरून मोकळा करायचा. बोया त्यांच्या डोक्यावर तरंगत राहील. आपण लांब थांबू."

"पण मग टेलिफोन?" केतकी म्हणाली.

तार दोरातच होती. दोर गेला की आवाज गेला.

"आजोबा, तुमचा आवाज जाणार आहे," केतकीने सांगितलं. आता तिला काहीच लपवायचं नव्हतं. "हवा थोडी आहे. दुसरी बोट वेळेत येणार नाही."

"माहीत आहे बाळा. माझ्या मुखवट्यात हवेचा काटा आहे. मलाही तुला सांगायचं नव्हतं."

"तुम्ही घाबरलात?"

घर्र... घर्र...

"हो," आजोबा म्हणाले. "खूप घाबरलोय."

"मी पण."

"बरं झालं बोललीस. आता सोड, केतू. मी इथे पडून राहतो. काकडीला तिचं काम करू दे."

तारेची पिन केतकीच्या हाताशी होती. ती ओढायची होती, तेवढंच. पण तिची बोटं पिनेवर घट्ट बसली ती बसली. दवाखान्यात शेवटच्या भेटीत आजीचा हात सोडताना असंच झालं होतं. बाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली होती. आज कुणी सोडवणार नव्हतं. दोर ताणला गेला होता, चाकावर शेवटचा वेढा होता, आणि तिच्या एकेक क्षणाच्या उशिराने खाली पुड्या फुटत होत्या.

तिने पिन उपटली.

स्पीकरमधला श्वास थांबला. काकूंनी बोया बांधून दोराचं टोक फेकलं. लाल ठिपका पाण्यावर आपटला, बुडाला आणि वर आला. बोट त्याच्यापासून लांब लांब वाहत गेली. पुरेसं अंतर पडल्यावर काकूंनी पंखा सुरू केला आणि 'शिंपली' दुरूनच बोयाकडे तोंड करून उभी राहिली.

आता फक्त बघायचं होतं.

पाणबुड्या श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे वर येतात. बोयापासून थोड्या अंतरावर ते दिसत होते, पाणी उकळावं तसे. बुडबुडे म्हणजे आजोबा. केतकी पापणी न लवता बघत होती. लाट मध्ये आली की बुडबुडे दिसेनासे व्हायचे. लाट गेली की पुन्हा दिसायचे.

"आता सोडवत असेल ना ते?" तिने रेमंडला विचारलं.

"सोडवत असेल."

"खरं सांग."

रेमंडने तिच्याकडे पाहिलं. "खरं म्हणजे मला माहीत नाही, बाय. हौदात सोडवायचं. इथे सोडवेल असं वाटतं. घड्याळाचा काटा बघतोय मी सारखा."

तिला ते उत्तर बरं वाटलं. भीती कमी झाली नाही, पण पाय जमिनीला लागल्यासारखं झालं.

मग बुडबुडे थांबले.

एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. पाणी नुसतं सपाट. काकू पुटपुटत होत्या, बहुतेक दुआ मागत होत्या. केतकीने कठडा इतका घट्ट धरला, की तिचे हात पांढरे पडले.

"तिकडे!" रेमंड किंचाळला.

बोयाच्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर, पाणी उकळत होतं. बुडबुडे जागा बदलून आले होते. म्हणजे आजोबा हलले होते! खडकाच्या छताखालून सरकताना बुडबुडे खडकालाच अडले होते, आणि आता ते बाहेर आले होते.

"सुटले! डॉक्टर सुटले!" काकूंनी केतकीला उचललंच.

पण वर कुणी आलं नाही. बुडबुडे एकाच जागी राहिले. केतकी रेमंडकडे वळली. "पुन्हा अडकले का?"

"नाही नाही. थांबलेत," रेमंड घाईने म्हणाला. "सोड्याची बाटली फटकन उघडली तर काय होतं? फसफसून बाहेर येतं. खोल पाण्यात आपल्या रक्तात हवा अशीच विरघळून बसते. एकदम वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात. माणूस मरूही शकतो. म्हणून वाटेत थांबायचं. बाटलीचं झाकण हळूहळू उघडायचं."

"हवा पुरेल?"

रेमंडने घड्याळ पाहिलं. "पुरली पाहिजे."

ती पुरली. जेमतेम पुरली. पाण्यातून एक मातकट, लोंबता गोळा वर आला. भिजलेली गोधडी वाटावी असा. त्याच्या टोकाला काचेचा मुखवटा होता आणि मुखवट्यात आजोबांचे डोळे.

वर ओढताना काकडी पुन्हा कडक होईल म्हणून रेमंड क्षणभर थबकला, पण आजोबांनी हाताने खूण केली. काकडी आता इतकी मऊ होती, की त्यांनी आतून हात बाहेर काढला होता. तिघांनी त्यांना काखेत धरून वर घेतलं. डेकवर आल्यावर ते कितीतरी वेळ नुसतं उघड्या हवेत श्वास घेत राहिले. ओठ निळसर पडले होते.

मुकादमकाकू आधी रडल्या आणि मग भडकल्या. "एक भेग बघतो म्हणे! या वयात! एकटं राहायचं नाही हा नियम कुणी केला? तुम्हीच ना? पुन्हा एकटे राहिलात तर त्या भेगेतच ठेवून जाईन, सांगून ठेवते."

"चुकलंच सलमाबाई," आजोबा म्हणाले.

"आणि मीही," काकू नाक पुसत म्हणाल्या. "जोर लावायचा एवढंच येतं आम्हाला."

केतकी आजोबांच्या कुशीत शिरली. काकडीची कातडी तिच्या गालाला लागली. गार होती, खरवसासारखी हलत होती. तिने बोटाने ती दाबली. दाबली तिथे एक रुपयाएवढा कडक ठिपका उमटला. तिने बोट काढलं आणि वाट पाहिली. ठिपका हळूहळू विरघळला.

"आजोबा, एवढं भीतीचं काम तुम्ही का करता?" तिने विचारलं.

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. "आजीच्या हातात सुई होती आठवतं? सलाईनची. सुई आत शिरायला कडकच लागते. पण शिरल्यावरही ती कडकच राहते, आणि माणूस जरा हलला की टोचते. तुझ्या आजीचा हात काळानिळा झाला होता. मी तिथे बसून बघायचो. एवढा शिकलेला माणूस, आणि मला काही करता येत नव्हतं." त्यांनी काकडीची कातडी चिमटीत धरली. "शिरताना कडक आणि शिरल्यावर मऊ, अशी सुई करता येईल, केतू. शिरेला कळणारही नाही आत काही आहे म्हणून. मेंदूत बसवायच्या तारा तशा करता येतील. मोडलेल्या हाडाची पट्टी तशी करता येईल. सगळं या लोळणाऱ्या प्राण्याकडून शिकायचं आहे. आणि ऐक, त्या भेगेत मागच्या बाजूला पिल्लं होती. करंगळीएवढ्या समुद्रकाकड्या. खूप होत्या. आम्हाला वाटलं होतं, इथल्या संपल्याच."

"अशी सुई कधी होईल?"

"सांगता येत नाही. मी असेपर्यंत होईलच असं नाही. तू शिकशील का हे?"

"मी त्या भेगेत जाणार नाही."

"प्रयोगशाळेत भेगा नसतात."

केतकीने विचार केला. "मग शिकेन. पण एक अट. तुम्ही मला नेहमी खरं सांगायचं. वाईट असलं तरी."

"कबूल," आजोबा म्हणाले. "आत्तापासूनच सांगतो. माझे पाय थरथरताहेत आणि मला उठता येत नाहीये."

"मग बसून राहा," केतकी म्हणाली. ती त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. काकूंनी बोटीचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं, आणि रेमंड चहा टाकायला आत गेला.